नखांचा गुरुवार

आरोग्यकेंद्राच्या पहिल्या मजल्यावर जिन्याला लागून एक लांबट हॉल आहे. तिथे दर गुरुवारी सकाळी एक म्हातारा माणूस ठरल्याप्रमाणे आजारी पडायचा. जिना तो स्वतःच्या पायांनी चढून यायचा, चपला खाटेखाली सरकवायचा, चादरीच्या सुरकुत्या हातानं सारख्या करायचा आणि मग ऐटीत आडवा होऊन विचारायचा, "हं सिस्टर, आज काय झालंय मला?"

"आज तुमची डावी बाजू गेलीय," सिस्टर हजेरी घेतल्यासारख्या सांगायच्या.

"सगळी?"

"सगळी. आणि बोलताही येत नाही."

"हे जरा अतीच होतंय हं," म्हातारा म्हणायचा, पण म्हणता म्हणता त्याचा डावा हात लुळा पडायचा, ओठाचा कोपरा खाली ओघळायचा आणि समोरच्या बाकांवर पहिल्यांदाच आलेली मंडळी दचकून अर्धी उठायची. सिस्टरना मग हसून सांगावं लागायचं, की घाबरू नका, हे आपले मास्तर आहेत, चांगले ठणठणीत आहेत, आपण यांच्यावर शिकणार आहोत.

वर्ग होता घरच्या माणसांसाठी. कुणाची आई पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेली, कुणाच्या वडिलांची मांडी मोडलेली, कुणाच्या सासऱ्यांना आपण जेवलो की नाही हेच आठवत नाही. दवाखान्यातून घरी पाठवताना डॉक्टर म्हणतात, "काळजी घ्या." आता घ्या म्हणजे नेमकी कशी घ्या, हे सांगायला डॉक्टरांना वेळ नसतो. ते सिस्टर सांगायच्या. माणसाला खाटेवर कुशीवर कसं वळवायचं, काखेत हात घालून का ओढायचं नाही, खुर्चीच्या चाकांना ब्रेक लावल्याशिवाय त्यात कुणाला का बसवायचं नाही, उचलताना आपली पाठ नाही तर गुडघे कसे वाकवायचे. आणि सगळ्यात पहिला नियम, जो त्या पुन्हा पुन्हा घोकून घ्यायच्या: आधी सांगा, मग हात लावा. आजारी माणूस म्हणजे सामान नव्हे.

पूर्वी हे सगळं एका प्लास्टिकच्या पुतळ्यावर चालायचं. एका गुरुवारी एका धट्ट्याकट्ट्या जावईबापूंनी त्या पुतळ्याला उठवायला म्हणून दंडाला धरलं आणि दंड खांद्यातून निखळून त्यांच्या हातात आला. जावईबापूंनी गडबडून पुतळ्याचीच माफी मागितली. सगळे पोट धरून हसले, पण पुतळा कामातून गेला तो गेलाच. नवीन मिळेना. मास्तर त्या दिवसांत गुडघ्याच्या व्यायामासाठी तळमजल्यावर यायचे. त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली आणि ते जिना चढून वर आले. म्हणाले, "मला रिकामा वेळ आहे. माझे हात सहजासहजी निघायचे नाहीत."

अशी ती नेमणूक झाली.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. शाळेशी संबंध नाही. किल्ल्या बनवणारा आणि घड्याळं दुरुस्त करणारा यांच्यामधल्या चिंचोळ्या गाळ्यात त्यांचं शर्टांचं दुकान होतं. मास्तर कापायचे, शिवायचे आणि बायको घरी बसून काजं-बटणं करायची. गळ्यातली टेप हा त्यांचा दागिना. आयुष्यभर त्यांनी माणसांना हात लावला. खांदे, मान, छाती, मनगट. माप घेताना माणूस जरा ताठ उभा राहतो, श्वास आत ओढतो, पोट लपवतो; मास्तर त्याच्या पाठीवर हलकी थाप मारून म्हणायचे, "सोडा सोडा, शर्टाला खोटं चालत नाही." त्या थापेनं माणूस सैल पडायचा. किती माणसांना मास्तरांनी असं सैल केलं असेल, देव जाणे.

मग तयार शर्टांची दुकानं आली, बायको गेली, मुलगा नोकरीसाठी दूरच्या शहरात गेला आणि तिथलाच झाला. गाळा मोबाईल दुरुस्त करणाऱ्याकडे गेला. मास्तर घरी बसले. घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. टीव्ही होता, रेडिओ होता, शिलाई मशीनही होतं. बोलायला माणूस नव्हतं, हे त्यांच्या लवकर लक्षात आलं. दुसरी एक गोष्ट लक्षात यायला मात्र वेळ लागला. एकदा बसमध्ये शेजारच्या प्रवाशाला डुलकी लागली आणि त्याचं डोकं मास्तरांच्या खांद्यावर कलंडलं. मास्तरांचा थांबा आला, गेला. ते उठले नाहीत. पुढच्या दोन थांब्यांनंतर तो माणूस जागा झाला, ओशाळून "सॉरी काका" म्हणाला, आणि मास्तर उतरून परत मागे चालत घरी आले. वाटेत त्यांना उमगलं, की बायको गेल्यापासून आपल्याला कुणी हातच लावलेला नाही.

हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. म्हातारपणी गुडघे दुखतात हे सांगता येतं, झोप येत नाही हे सांगता येतं. त्यावर गोळ्याही मिळतात. हे काय सांगायचं आणि कुठल्या डॉक्टरला?

म्हणून गुरुवार. गुरुवारी मास्तर शिवलेल्यातला चांगला शर्ट घालायचे आणि परक्या माणसांच्या हातात स्वतःला सोपवून द्यायचे. सुरुवातीला शिकणाऱ्यांचे हात घाबरलेले असायचे, थंड पडलेले. मग हळूहळू ते गरम व्हायचे. कुणी मान आधार देऊन उचलायचं, कुणी ओल्या फडक्यानं तोंड पुसायचं, कुणी कंगव्यानं होते नव्हते तेवढे केस विंचरायचं. शर्ट घालायचा धडा आला की मास्तरांना राहवायचं नाही. मुकं असायचं सोंग मोडून ते बोलायला लागायचे. "आधी दुबळा हात बाहीत घाला, मग धड हात. काढताना उलटं. आणि बाही अशी गोळा करून घ्या, नाहीतर बोटं अडकतात." सिस्टर म्हणायच्या, "मास्तर, तुमची वाचा गेलीय." मग मास्तर गप्प.

पण सगळ्यात लाडका धडा नखांचा. तो दर तुकडीला एकदाच यायचा, अगदी शेवटी शेवटी. कोमट पाण्याच्या तसराळ्यात हात-पाय भिजवायचे, हलके टिपायचे, बोटांच्या बेचक्यांत कुठे जखम नाही ना ते पाहायचं आणि मग नखं सरळ कापायची, कडांना खोल जायचं नाही. या धड्यात घाई चालत नाही. एकेक बोट धरावं लागतं. मास्तर त्याच्या आधी तीन-चार आठवडे नखं कापायचेच नाहीत. शेजारीण एकदा म्हणाली, "काय मास्तर, नखं केवढी वाढवलीत!" तर म्हणाले, "शिवणकामाला बरी पडतात." शिवणकाम बंद होऊन जमाना लोटला होता.

या कामाला अट एकच होती आणि ती सिस्टरची होती. खाटेवर झोपणारा माणूस खरा धडधाकट हवा. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी त्या मास्तरांना खुर्चीत बसवायच्या आणि हातांची घडी घालून, कशाचाही आधार न घेता उभं राहायला सांगायच्या. "नवशिक्यांच्या हातून तुम्ही सुटलात, तर तुम्हाला सावरता आलं पाहिजे. ज्या दिवशी नाही जमणार, त्या दिवशी खाट बंद. मी ऐकून घेणार नाही." सिस्टर बोलायला गोड होत्या, पण नियमाला कडक. मास्तर खुर्चीतून असे उभे राहायचे की जणू सलामी द्यायची आहे.

घरी कोण कोण आहे, असं शिकणारी माणसं विचारायचीच. ज्याच्या तोंडात आपण चमच्यानं पाणी घालतो त्याची एवढी चौकशी तर होतेच. मास्तर सांगायचे, "भरलं घर आहे. मुलगा, सून, नातू. मुलगा तर मला खुर्चीवरून उठू देत नाही." पहिल्यांदा सांगितलं तेव्हा जीभ जरा अडखळली. नंतर सवय झाली. खाटेवर एवढं खोटं आजारपण चालतं, त्यात हे एक खपून गेलं.

खरा मुलगा रविवारी फोन करायचा. वाईट नव्हता हो. फक्त त्याचं प्रेम उपदेशाच्या वाटेनं यायचं. उठल्या उठल्या कोमट पाणी प्या. मीठ कमी करा. कालचा तो पाठीच्या व्यायामाचा व्हिडिओ पाहिलात का? रोज सकाळी फोनवर एक तरी चित्र येऊन पडायचं: उगवता सूर्य, खाली आरोग्याचा सल्ला. मास्तर ते मन लावून वाचायचे, कारण ते मुलाच्या बोटानं पाठवलेलं होतं. पाठवताना त्यानं स्वतः वाचलंय की नाही, याची त्यांना शंका होती.

तर या तुकडीचा पडण्याचा धडा यायच्या आधीच्या सोमवारी सकाळी मास्तर न्हाणीघरात पडले. पडायला काही मोठं कारण लागत नाही. फरशी ओली होती, चप्पल झिजलेली होती आणि गेले काही दिवस डावा पाय उचलावा तितका उचलला जात नव्हता, ज्याकडे ते कानाडोळा करत होते. कमरेच्या बाजूला बादलीची कड लागली. क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी आली. मग समोर बादलीचा तळ आणि साबणाचा तुकडा दिसायला लागला.

घर शांत होतं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी पुसत होतं, त्याच्या रेडिओवरची बडबड ऐकू येत होती. मास्तरांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि मग त्यांना प्रश्न पडला, की हाक मारायची तर कुणाच्या नावानं? त्यांनी तोंड मिटलं. मग सिस्टरचा आवाज आठवून आठवून ते तसंच करत गेले. घाई नको. आधी श्वास. कुशीवर वळा. कोपरावर या. मग हात आणि गुडघे. रांगत खुर्चीपर्यंत. खुर्चीवर हात, धड पाय पुढे, आणि वर. खुर्चीत बसल्यावर त्यांना जराशी ऐटच वाटली.

पडल्यावर काय करायचं त्यातली पुढची ओळही त्यांना तोंडपाठ होती. सिस्टर ती बोट उगारून सांगायच्या: लागलं नसलं तरी पडल्याचं लपवायचं नाही, त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं, कारण एकदा पडलेला माणूस पुन्हा पडतो. मास्तरांनी तेवढी ओळ सोडून दिली. सांगितलं असतं तर खाट बंद. आणि नखांचा धडा पडण्याच्या धड्यानंतरच्या गुरुवारी होता.

मधल्या दिवसांत ते पायऱ्या जपून उतरले आणि कमरेला शेक देत बसले. गुरुवारी शर्ट खोचताना पाहिलं तर कमरेवर तळहाताएवढं काळंनिळं उमटलेलं. त्यांनी शर्ट नीट खाली ओढला आणि निघाले.

"आज काय झालंय मला?" त्यांनी विचारलं.

"आज तुम्ही पडलाय," सिस्टर म्हणाल्या. "न्हाणीघरात. कुणीही नसताना."

मास्तरांना ठसका लागला.

मग ते जमिनीवर पसरलेल्या सतरंजीवर आडवे झाले आणि एकेक जण येऊन त्यांना उठवायला लागला. या तुकडीत एक बेकरीवाली होती. रोज मण-मण पीठ मळणारी, दंड असे की पाहत राहावं. आईसाठी शिकत होती. पहिल्या गुरुवारी तिनं मास्तरांना उशीसारखं उचललं होतं, तेव्हा मास्तर ओरडले होते, "अगं पोरी, मी पाव नाही!" तेव्हापासून दोघांचं जमलं होतं. ती येता येता त्यांच्यासाठी कागदात गुंडाळून एखादा बन आणायची आणि सिस्टरची पाठ फिरली की उशाशी ठेवायची.

तिची पाळी आली. "मास्तर, हात लावते हं," ती म्हणाली आणि नेमका कमरेलाच आधार द्यायला गेली. मास्तरांच्या तोंडून "आई गं" निघालं, ते खोटं नव्हतं.

"वा!" मागून कुणीतरी म्हणालं. "काय हुबेहूब करतात हो!" सगळे कौतुकानं हसले. कुणी तर टाळ्याही वाजवल्या. मास्तर सुद्धा कळ दाबून हसले. बेकरीवाली मात्र हसली नाही. तिनं हात काढून घेतला आणि आपल्या हाताकडे पाहिलं.

"आता मास्तर स्वतःहून कसे उठतात ते पाहा," सिस्टर म्हणाल्या. "घाई नाही. कुशीवर वळले. कोपरावर आले. आता हात आणि गुडघे. बघा, किती सावकाश. अशीच खुर्ची जवळ हवी. धड पाय पुढे, आणि…"

आणि मास्तर उठेनात. दोन्ही हात खुर्चीवर, एक गुडघा जमिनीवर, आणि पाय म्हणून काही आपल्याला आहे याचा पत्ता नाही. घामाचा थेंब नाकावरून खुर्चीच्या बैठकीवर पडला. बाकावरची मंडळी तल्लीन होऊन बघत होती. वर्गातला तो सगळ्यात उत्तम अभिनय होता. मास्तरांनी पुन्हा जोर केला. शर्ट खोचलेला होता तो सुटला आणि पाठीमागून वर सरकला.

सिस्टर बोलता बोलता थांबल्या. मग त्या अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "चला, आज चहा लवकर घेऊ. सगळ्यांनी खाली जाऊन या." बेकरीवालीला तेवढं त्यांनी खुणेनं थांबवलं. दोघींनी मिळून मास्तरांना खुर्चीत बसवलं, जसं शिकवलं होतं तसं, पाठ न वाकवता. मग बेकरीवालीही खाली निघून गेली.

"कधी पडलात?" सिस्टरनी विचारलं.

"सोमवारी."

"मी दर तुकडीला काय सांगते?"

मास्तरांनी शहाण्या मुलासारखं म्हणून दाखवलं, "लागलं नसलं तरी पडल्याचं लपवायचं नाही. त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं. एकदा पडलेला माणूस पुन्हा पडतो."

"मग? घरात एवढी माणसं असून कुणाच्या लक्षात नाही आलं?"

मास्तर शर्ट खोचायला लागले. "घरी कुणी नाही सिस्टर," ते म्हणाले. "मुलगा लांब असतो. ते सगळं मी असंच सांगायचो."

सिस्टरना राग आला होता आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "मला सांगायचं होतं," शेवटी त्या म्हणाल्या. "मी होते ना?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर गुरुवार गेला असता."

"तो आता गेलाच, मास्तर." त्यांचा आवाज उतरला. "मला तुम्हाला खाटेवर घेता येणार नाही. डॉक्टर आत्ता खाली आहेत, त्यांना पाय दाखवायचा, मी बरोबर येते. न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घ्यायची. ही चप्पल फेकून द्यायची. आणि मुलाला सांगायचं. आणि पुढच्या गुरुवारी यायचं. खाटेवर नाही, बाकावर."

"बाकावर घरची माणसं बसतात," मास्तर म्हणाले. "मी कुणाच्या घरचा?" आणि जास्त काही बोलावं लागू नये म्हणून ते वाकून चपला शोधायला लागले.

डॉक्टरांनी पाय तपासला, मणक्याजवळ नस दबलीय म्हणाले, व्यायाम आणि काठी सांगितली. घाबरण्यासारखं काही नव्हतं. मास्तरांना वाटलं, एवढंसं तर निघालं, आणि त्याच्यापायी केवढं गेलं.

रविवारी मुलाचा फोन आला. मास्तरांनी सिस्टरना शब्द दिला होता, म्हणून सांगितलं. "न्हाणीघरात जरा पडलो होतो."

"बाबा! लागलं का? मी येऊ?"

त्या दोन शब्दांवर मास्तरांनी फोन कानाशी घट्ट धरला. येऊ का, असं त्यानं कधीचं विचारलं नव्हतं. आणि तरीही ते म्हणाले, "नको नको, कशाला? उगाच रजा कशाला घालवतोस? मी ठणठणीत आहे."

"नक्की ना?"

"नक्की."

त्याला ते पटलं. पटणारच. आयुष्यभर बाप जे म्हणाला ते खरं धरायचं, हेच त्याला शिकवलेलं. थोड्या वेळानं फोन वाजला. त्यानं व्हिडिओ पाठवला होता, ज्येष्ठांनी घरात पडू नये म्हणून काय करावं. एक हसरी बाई ओल्या फरशीकडे बोट दाखवत होती. मास्तरांनी तो शेवटपर्यंत पाहिला. मग फोन पालथा ठेवून ते मशीनच्या स्टुलावर बसून राहिले. नको म्हटलं की थांबायचं नसतं, हे मुलाला शिकवायचं राहूनच गेलं, असं त्यांना वाटलं, आणि आता ते फोनवर शिकवता येण्यासारखं नव्हतं.

गुरुवार उजाडला. मास्तरांनी ठरवलंच होतं, जायचं नाही. दाढी करायची नाही, शर्ट घालायचा नाही. चहा पिताना कपाच्या कानाला नख घासलं आणि कर्र असा आवाज आला. त्यांनी हात डोळ्यांसमोर धरला. चांगली वाढलेली नखं, एकेक बोट धरून कापण्याजोगी. आता कोणासाठी ठेवायची? त्यांनी खिडकीत जुना कागद पसरला, नेलकटर काढलं आणि रागारागानं सगळी कापून टाकली, हातांची आणि पायांचीही. वाकताना कंबर दुखली, तरी थांबले नाहीत. मग कागद गोळा करून केराच्या डब्यात टाकला आणि हात झटकले. झालं. संपला विषय.

आणि तरी जेव्हा आरोग्यकेंद्राच्या वर्गाची वेळ होत आली, तेव्हा ते दाढी करून, चांगला शर्ट आणि नव्या चपला घालून, नवी काठी घेऊन रस्त्यावर होते. सवय वाईट असते. घरात बसवलं नाही, एवढंच त्यांनी स्वतःला सांगितलं.

खाटेवर दुसरा माणूस होता. निवृत्त बसड्रायव्हर, पोट सुटलेला, गुदगुल्या होणारा. बेकरीवालीनं तळव्याला हात लावला की खदखदून हसायचा. पक्षाघात झालेला माणूस हसत नाही, हे सिस्टर त्याला परत परत समजावत होत्या. मास्तरांना त्यातल्या त्यात बरं वाटलं. ते बाकाच्या टोकाला बसले, भिंतीला काठी टेकवून. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. कुणी काही विचारलं नाही, म्हणजे कळलेलं होतं.

नखांचा धडा म्हणजे तुकडीचा निरोपाचा धडा. तुकडीच्या सुरुवातीला सिस्टर जो प्रश्न विचारायच्या तोच त्या दिवशी पुन्हा एकदा सगळ्यांना विचारायच्या: तुम्ही हे कोणासाठी शिकलात? म्हणजे घरी जाताना लक्षात राहील. बाकावरून उत्तरं पुढे सरकत आली. आईसाठी. सासऱ्यांसाठी. नवऱ्यासाठी. मावशीसाठी, तिला दुसरं कुणी नाही. प्रश्न मास्तरांपर्यंत आला आणि थांबला. सिस्टरनी त्यांना वगळलं असतं तर चाललं असतं. त्यांनी वगळलं नाही.

मास्तरांनी काठी हातात घेतली, पुन्हा ठेवली. "भरलं घर आहे" हे वाक्य तोंडात तयारच होतं.

"माझ्यासाठी," ते म्हणाले. "मी एकटाच असतो."

बोलून झाल्यावर त्यांना लाज वाटेल असं वाटलं होतं. वाटली थोडी. पण श्वास सोडून माणूस सैल उभा राहतो, तसंही काहीसं झालं.

"बरं," सिस्टर म्हणाल्या, एवढंच. "आज जोड्या करायच्या. खाटेवर एकाचीच नखं किती जण कापणार? एकमेकांची कापा."

बाकांची खडखड झाली. लोक आपापला जोडीदार शोधायला लागले. मास्तर जमिनीकडे बघत राहिले. तसराळ्यात पाणी हिंदकळलं, आणि बेकरीवाली त्यांच्या समोर स्टूल ओढून बसली. तिनं बाही वर सारली आणि टॉवेल मांडीवर पसरला.

"मास्तर, हात लावते हं," ती म्हणाली.

मास्तरांनी हात पुढे केला. तिनं तो कोमट पाण्यात बुडवला, थोडा वेळ तसाच धरला, बाहेर काढून टॉवेलनं टिपला. मग नेलकटर उचललं, अंगठा धरला आणि थबकली. दुसरं बोट पाहिलं. तिसरं पाहिलं.

"अहो, नखं तर कापूनच आलात तुम्ही."

"हो," मास्तर म्हणाले. "आज सकाळीच."

"सगळी?"

"सगळी."

"मग आता मी काय कापू?"

मास्तरांनी हात मागे घेतला नाही. तिच्या तळहाताला पिठाचा खरबरीतपणा होता आणि पाण्याची ऊब होती.

"नीट बघ पोरी," ते म्हणाले. "एखादं राहिलं असेल."